धुऱ्यावरचा उंदीर आणि निंदणारीचा ताप

(पवनार येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाचा भाव, कर्ज, वीजबिल यांवर बोलणे झाले. आता मी उंदरावर बोलणार म्हटल्यावर मागच्या ओळीत हशा पिकला. हसायला हरकत नाही. पण हाही विषय हिशेबाचाच आहे, आणि या हिशेबात माझी स्वतःची चूक झालेली आहे. ती आधी सांगतो.

मी शेतकीचा पदवीधर. विस्ताराच्या कामात असताना गावोगाव उंदीर निर्मूलनावर भाषणे दिली. एका बिळात किती दाणा, एकरी किती नुकसान, असे फळ्यावर मांडत असे. पोती मोजली. त्याच बिळाशेजारी, धुऱ्याला लागून, पाठ वाकवून निंदणारी बाई मात्र माझ्या हिशेबात कधी आली नाही.

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या आगेमागे आमच्याच वावरात निंदणाला येणारी एक बाई तापाने पडली. डोके ठणकायचे, अंग मोडून आलेले. आधी गोळ्या झाल्या, मग सलाइन. मलेरिया निघाला नाही, डेंगूही नाही. इंजेक्शने बदलत गेली. नवव्या दिवशी धाप लागली तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे एका नर्सताईंनी पडदा ओढला आणि सगळे अंग तपासले. साडी खोचतात तिथे, कमरेला, एक काळी खपली होती. बिडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नव्हती, म्हणून बाईने सांगितली नाही. आणि आठ दिवसांत तिला कोणी विचारलीही नाही.

आजाराचे नाव निघाले स्क्रब टायफस. नेमके औषध सुरू झाले आणि दोन दिवसांत ताप उतरला. बाई वाचली, पण मंगळसूत्र गहाण पडले. ज्या औषधाने ताप उतरला, त्याची रक्कम त्या सगळ्या बिलात सर्वांत लहान होती.

मृगाच्या किड्याचा भाऊबंद

हा रोग विदर्भात वर्तमानपत्रांतून गाजला तो २०१८ साली. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपासच्या भागात रुग्ण सापडले, काही दगावले. पण रोग जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर हजारो सैनिक याच तापाने आजारी पडले. जपानमध्ये नदीकाठची शेती करणारे शेतकरी तर तो फार आधीपासून ओळखत. याच्या जंतूच्या नावात ‘सुत्सुगामुशी’ हा जपानी शब्द आजही आहे.

हा जंतू पसरवतो तो एक बारीक कोळी. कपाशीवरचा लाल कोळी तुम्हाला माहीत आहे. पहिल्या पावसात मातीवर मखमली मृगाचा किडा फिरतो, तोही माहीत आहे. हा त्यांचाच भाऊबंद. याची मोठी पिढी मातीत राहते आणि माणसाच्या वाटेला जात नाही. चावते ते त्याचे पिल्लू, आणि ते सहसा नजरेला दिसत नाही. अंड्यातून निघाले की ते गवताच्या पात्यावर चढून बसते आणि गरम रक्ताचा प्राणी जवळून जाण्याची वाट पाहते. आयुष्यात त्याला असे एकदाच जेवायचे असते.

धुऱ्यावरच्या गवतातून रोज रात्री जातो कोण? उंदीर, घूस, चिचुंद्री. पिल्लू त्यांच्या कानात जाऊन बसते, पोट भरले की गळून पडते. जिथे पडते तिथे पुढची पिढी वाढते. यातली खुबी लक्षात घ्या. या रोगाचा जंतू मुख्यतः कोळ्याच्याच वंशात राहतो. मादीकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात. उंदराचे काम दोन प्रकारचे: कोळ्याला जेवू घालायचे आणि त्याला एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर नेऊन सोडायचे. कोळ्याची खाणावळही तोच आणि बंडीही तोच. त्या रात्री उंदीर आला नाही आणि सकाळी निंदणारी बाई आली, तर पिल्लू तिच्या अंगावर चढते.

गोचिडाचेही तसेच

गोचीड म्हटले की आपल्याला बैल आठवतो. पण रानातल्या कित्येक गोचिडांचे बालपण उंदरावर जाते. लहानपणी उंदीर-चिचुंद्रीचे रक्त, मोठेपणी जनावराचे. त्या लहान प्राण्याच्या रक्तात विषाणू असला तर गोचीड तो घेते आणि पुढच्या चाव्यात दुसऱ्याला देते.

कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, १९५७ साली माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो विषाणू शोधून काढला. तोच माकडताप. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दिसला आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. काजूच्या बागेत पालापाचोळ्यात काम करणारी माणसे त्यात सापडली. मेलेले माकड सगळ्यांना दिसते. पण विषाणू रानात टिकवून धरण्यात उंदीर आणि चिचुंद्री यांचाही वाटा असतो, तो कोणाला दिसत नाही.

अमेरिकेत लाइम नावाचा रोग असाच गोचिडातून होतो. तिथे ओकच्या झाडांना एखाद्या साली भरपूर फळे लागली की रानउंदीर वाढतात, आणि त्या मागोमाग रोगट गोचिडे वाढतात. दाणा वाढला की उंदीर वाढतो, हे तुम्हाला अमेरिकेने सांगायला नको.

उंदीर मारले की झाले?

नाही. आणि हे नीट ऐका. १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावी लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. धान्य घरात राहिले. उंदरांचे फावले. १९९४ च्या ऑगस्टअखेर तिथे गाठीच्या प्लेगच्या बातम्या आल्या. प्लेगचा नियम जुने लोक जाणतात: उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणूस शोधते. म्हणून आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर. कोळ्याच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. भर पावसाळ्यात, गवत कमरेइतके असताना नुसते उंदीर मारले, तर उपाशी कोळी गवतातच राहतो.

म्हणून माझी जुनी शिफारस मी आज दुरुस्त करतो. उंदरांची मोहीम उन्हाळ्यात घ्या, पेरणीच्या आधी. वावर मोकळे असते, बिळे उघडी दिसतात, उंदीर कमी असतात, कोळीही कमी असतो. आणि सगळ्या गावाने एकाच आठवड्यात घ्या. एकट्याने केली तर शेजारच्या वावरातला उंदीर महिनाभरात तुमच्याकडे राहायला येतो. मेलेला उंदीर हाताने उचलू नका, खोल पुरा. धामण आणि घुबड मारू नका.

पावसाळ्यात गवत कापा ते माणसाच्या वाटेतले: पांदण, खळे, विहीर, शिदोरी खायला बसतो ती जागा आणि घराभोवती. सगळे धुरे पेटवून द्या असे मी म्हणत नाही, तो बांधाचा नाश आहे. पऱ्हाटी आणि कुटाराची गंजी घराच्या भिंतीला लावू नका.

मायबहिणींनो, कापूस वेचताना घालता तो जुना पूर्ण बाह्यांचा सदरा निंदणालाही घाला. गवतावर आडवे होऊ नका, कपडे झुडपावर वाळत टाकू नका. लेकराला गवतावर निजवू नका, झोळी बांधा. घरी आल्यावर साबणाने अंग घासून आंघोळ करा आणि कामाचे कपडे गरम पाण्यात टाका. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा तापलेल्या बाईला वेगळे बसवायचे कारण नाही.

आपण काय मागायचे

चावल्यापासून साधारण दहा दिवसांनी ताप येतो. पावसाळ्यात किंवा दिवाळीपर्यंत ताप आला आणि रुग्ण वावरात जाणारा असेल, तर अंग तपासा: काख, जांघ, कंबर, छातीखाली, गुडघ्यामागे. खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. ती सगळ्यांना येत नाही, म्हणून खपली नसली तरी “मी वावरात काम करते, हा स्क्रब टायफस असेल का?” हा प्रश्न विचारा. पेनिसिलिनच्या जातीची औषधे यावर चालत नाहीत. चालते ते डॉक्सिसायक्लिन, आणि गरोदर बाईसाठी डॉक्टर अझिथ्रोमायसिन देतात. औषध डॉक्टरांनीच ठरवायचे, पण वेळेवर ठरवायचे. रक्ताची तपासणी पहिल्या दिवसांत कोरी येऊ शकते, म्हणून संशय पक्का असेल तर अहवालासाठी औषध अडवायचे नसते.

या बैठकीने तीन ठराव करावेत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध शिल्लक आहे की नाही, ते आपल्या कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन पाहावे. तापाच्या बाईचे अंग तपासायला केंद्रात नर्सताई आणि पडदा असावा. आणि उन्हाळ्यातील उंदीर मोहिमेत कृषी सहायक आणि आशाताई यांनी एकत्र फिरावे.

उत्पादन खर्चात आपण बियाणे धरतो, खत धरतो, मजुरी धरतो. मजुराचा ताप कोणी धरत नाही. आमच्या वावरातली ती बाई यंदाही निंदणाला आली. तिची धाप अजून पूर्ण गेलेली नाही, ती दर ओळीच्या टोकाला थांबते. परत जाल तेव्हा आधी आपल्या निंदणाऱ्या बायांशी बोला आणि मग उंदराकडे वळा.