पाळण्यातले नाव दप्तरात घाला

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गटार, नळ, दिवाबत्ती यांवर आपण दर सभेत बोलतो. आज मी एका कागदाबद्दल बोलतो. जन्मदाखला.

आपले गाव पाळण्यांचे. लाखेच्या रंगांचा कलघटगीचा पाळणा दूरदूरच्या घरांत जातो. बाराव्या दिवशी बाळाला त्यात घालतात, आत्या कानात "कुर्र" करते, घुगऱ्या वाटल्या जातात. पण ठेवलेले नाव सरकारी दप्तरात घालायला कोणी जात नाही. दवाखान्यातून जन्म कळवला जातो तेव्हा बारसे झालेलेच नसते, म्हणून नावाचा रकाना कोरा राहतो.

माझ्या नातवाचे हेच झाले. शाळेत घालताना दाखला काढला, तर तारीख होती, बापाचे नाव होते, पोराचेच नव्हते. आईचे नाव लग्नाआधीचे. आपल्यात सुनेचे नाव बदलतात ना! आधारवर एक, दवाखान्याच्या कागदावर दुसरे. चार हेलपाटे झाले. चूक कारकुनाची नव्हती, आमचीच होती.

कायदा १९६९ चा आहे. जन्म २१ दिवसांत कळवला तर शुल्क नाही. नाव मागाहून घालता येते. नोंदीपासून १२ महिन्यांपर्यंत फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. घरात आठवी-नववीतले पोर असेल तर आजच दाखला काढून बघा.

आणि नोंद जन्म झाला तिथेच होते. पहिले बाळंतपण माहेरी. मग हुबळीत जन्मलेल्याचा कागद आपल्या पट्टण पंचायतीत कसा सापडणार? कोल्हापूरला जन्मला असेल तर कोल्हापूरलाच जावे लागेल.

पूर्वी शाळेच्या दाखल्यावर भागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, सगळीकडे जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार. मतदार यादीत आपली माणसे दिसावीत असे म्हणणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी.

आता भाषेचे. घटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे मराठीतही मांडता येते. तो हक्क सोडायचा नाही. पण माझे मत विचाराल तर नाव घालायचा अर्ज कन्नडमध्येच द्या. काहींना हे रुचणार नाही. पण कारभार कन्नडमध्ये आहे, आणि आपली पोरे कन्नड उत्तम लिहितात. एक मात्र पाहा. नाव कन्नडमध्ये बरोबर असते, इंग्रजीत मात्र जाधवचा एच गळतो, आडनावाचे नुसते आद्याक्षर उरते. दाखला हातात आला की खिडकीपाशीच वाचा, घरी येऊन नव्हे.

अर्ज दिलात की पोच घ्या. २०१२ पासून आपल्या राज्यात 'सकाल' आहे. त्यातल्या सेवेच्या अर्जाला १५ अंकी क्रमांक मिळतो. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. पैसे किरकोळ आहेत, पण क्रमांक असला की "उद्या या" म्हणणे जड जाते.

येत्या रविवारी सकाळी मी मंडळात बसणार आहे. पोरांचे दाखले आणि आईचे आधार घेऊन या. कन्नड अर्ज मी लिहून देतो.