घरातली रडगाणी



मागच्या बैठकीत एक जण ओरडला, घरातली रडगाणी बस्स झाली, आपल्याला मोर्चा पाहिजे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेव्हापासून पोलंडचे पिक्चर डोक्यातून जात नाहीत, म्हणून आज उभा आहे.

पहिला किस्लोव्स्कीचा, १९७९ चा. ‘आमातोर’, म्हणजे हौशी. फिलिप कारखान्यात नोकरीला. मुलगी होणार म्हणून दोन महिन्यांचा पगार घालून ८ मिलिमीटरचा कॅमेरा आणतो. पोरीचं शूटिंग करायला, बाकी काही नाही. साहेब म्हणतो, कारखान्याच्या पंचविशीचा सोहळा टिप. हा सोहळा टिपतो, पण कबुतरंही टिपतो, मुतारीकडं चाललेले पाहुणेही टिपतो. साहेब म्हणतो, हे काप. कॅमेरा कुणाच्या परवानगीनं चालतो ते तिथंच कळतं.

पुढं तो वर्षानुवर्षं राबलेल्या एका ठेंगू कामगारावर फिल्म करतो. ती टेलिव्हिजनवर लागते. आपण खूश. मग दुसऱ्या एका फिल्मपायी त्याच्या पाठीशी उभा राहिलेला वडीलधारा सहकारी नोकरीला मुकतो. खरं दाखवलं एकानं, मार खाल्ला दुसऱ्यानं. पत्रकं काढताना हा हिशेब आपण कधी मांडतो?

आणि इर्का, त्याची बायको. तिला साधा, शांत संसार पाहिजे होता. ती घर सोडून निघते, आणि हा गडी बोटांची चौकट करून तिचं जाणं बघतो. शॉट म्हणून! तिथं मी हललो. आमच्या खोलीत बल्ब एक. मी कविता घेऊन बसलो की बाकीच्यांनी गप्प बसायचं. माझ्या कवितेत आई आहे, बायको आहे. त्यांना विचारून नव्हे.

दुसरा आग्निएश्का हॉलंडचा ‘एकटी बाई’, १९८१ चा. इरेना टपाल वाटते, पोर एकटीनं वाढवते, धड घर मिळावं म्हणून उंबरे झिजवते. त्या साली सॉलिडॅरिटीचे सभासद एक कोटीच्या घरात. संप, सभा, झेंडे. इरेनाच्या दारात मात्र कुणी नाही. शेवटी ती लोकांच्या पेन्शनचे पैसे उचलून पळते, आणि ज्याच्यावर जीव टाकला तोच उशीनं तिचा जीव घेतो. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, पिक्चर अनेक वर्षं डब्यात. सरकारनं दाबला हे खरं. पण संघटनेला तरी तो रुचला असता काय?

१९८९ मध्ये तिथली राजवट गेली. तरी २०२० च्या दोमालेव्स्कीच्या पिक्चरमध्ये १७ वर्षांची ओला आयर्लंडला जाते, कामावर मेलेल्या बापाचं प्रेत आणायला. बाप तिला धड माहीतच नाही. पोटापाण्यानं तो घरातून केव्हाच नेलेला.

तिथं आपल्यासारखी जातीची उतरंड नाही. फिलिप म्हणजे आपलाच कुणी, असं मी म्हणत नाही. गावकुसाबाहेरचं जिणं त्याला माहीत नाही. पण झेंडा खांद्यावर घेऊन घरी मालक होणारा माणूस मला ओळखीचा वाटतो.

आता चर्चा करू. आधी मागं भिंतीशी बसलेल्या बाया बोलतील. चहा आज पोरं करतील.