परांचीवरचा माणूस

मागच्या रंगकामाच्या वेळी मी खजिनदार होतो. सर्वांत कमी रकमेचं कोटेशन मीच मंजूर करून घेतलं. बँकेची सवय, दुसरं काय! पुढं दुसऱ्या मजल्यावरून एक रंगारी पडला. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. पट्टा कमरेला होता, हूक मात्र मोकळा. "साहेब, अडकवू कुठं?" असं त्यानं आदल्याच दिवशी मला विचारलं होतं. मी म्हटलं, कंत्राटदाराला विचार.

पट्टा परांचीलाच अडकवून भागत नाही. बांबू निसटला तर माणूसही जातो. गच्चीवर पक्क्या ठिकाणी बांधलेला वेगळा दोर लागतो. कोटेशनात तो नव्हता, मी शोधलाही नव्हता. यंदाच्या निविदेत दोर, पट्टा, हेल्मेट वेगळं लिहून घ्या. रक्कम वाढेल, त्यावर सभेत घासाघीस नको.