मैदान आणि पेढी

बुलढाणा जिल्ह्यांत घाटमाथ्यावर देऊळघाट नांवाचें गांव आहे. त्याच्या पलीकडच्या डोंगरांत पैनगंगा उगम पावते. उगमापाशीं ती लहानसा ओहोळ असते. पुढें पूस, कयाधू यांचें पाणी मिळतें, तेव्हां तिला नदीचें बळ येतें. व्यापारउदिमाचेंहि असेंच आहे. देऊळघाटचें किराणा दुकान असो, बुलढाण्याची पतपेढी असो, कीं खामगांवचा जिनिंगचा कारखाना असो, एकाच्या हुषारीवर धंदा उभा राहतो. पण तो टिकतो अनेकांच्या जुटीवर.

ही जूट कशी बांधावी, याचा धडा श्रोत्यांना दूर शोधावयास नको. विदर्भाच्या क्रिकेट संघानेंच तो घालून दिला आहे.

विदर्भ रणजी करंडकासाठीं १९५७-५८ सालीं प्रथम मैदानांत उतरला. पुढें साठ वर्षें विजेतेपद त्याच्या वाट्यास आलें नाहीं. तें आलें २०१७-१८ च्या हंगामांत. त्या वेळीं प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व फलंदाज वसीम जाफर हे दोघेहि मुंबईचे. कर्णधार मात्र नागपूरचे फैज फजल. जाफर ३१ कसोटी सामने खेळलेले, तर फजल यांच्या नांवावर देशातर्फे एकच एकदिवसीय सामना. पेढीवर अशा वेळीं काय होतें? जुना मुनीम तरुण मालकाविषयीं मनांत अढी धरतो, किंवा मालकच त्याच्या अनुभवाला भिऊन त्याला दूर सारतो. येथें मानापमान विजयाच्या आड आला नाहीं. अनुभवी माणसानें आपला अनुभव संघाला दिला. आणि कर्णधारानें त्या हंगामांत स्वतः ९१२ धावा काढून आपला अधिकार सिद्ध केला.

उपांत्य सामन्यांत कोलकात्यास कर्नाटकाशीं गांठ पडली. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकानें ३०१ धावा केल्या. ११६ धावांची ही तूट म्हणजे हंगामाच्या आरंभींच बसलेली खोट. अशी खोट बसली कीं पुष्कळ पेढ्यांत चूक कोणाची याचाच खल चालतो. विदर्भानें दुसऱ्या डावांत ३१३ धावा जमविल्या आणि कर्नाटकाला १९२ वर रोखून सामना अवघ्या ५ धावांनीं जिंकला. रजनीश गुरबानी यांनीं त्या डावांत ७ गडी बाद केले, हें सर्वांच्या लक्षांत राहिलें. परंतु विजय ५ धावांचा असतो, तेव्हां तळाच्या फलंदाजाची एकेरी धावहि शतकाच्या मोलाची ठरते. खतावणी चोख ठेवणारा कारकून आणि माल वेळेवर पोंचविणारा हमाल अशाच एकेरी धावा काढीत असतात. मैदानावर त्या फलकावर लागतात; पेढींत लागत नाहींत. म्हणून त्यांची नोंद ठेवणें हें मालकाचें कर्तव्य होय.

पुढें इंदूरला दिल्लीचा ९ गडी राखून पराभव झाला. त्या अंतिम सामन्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांनीं १३३ धावा केल्या. २०१९ सालीं विदर्भानें करंडक राखला. सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यांत आदित्य सरवटे यांनीं ११ गडी बाद केले.

खरी कसोटी याच्यापुढची. २०२५ च्या अंतिम सामन्यांत जाफर व फजल निवृत्त झालेले होते, आणि सरवटे तर केरळाच्या बाजूनें समोर उभे होते. तरीहि पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडेच आला. कर्णधार होते तेच वाडकर. हर्ष दुबे या तरुण गोलंदाजानें त्या हंगामांत ६९ बळी घेऊन रणजीचा उच्चांक केला.

खेळ आणि धंदा सर्वस्वीं एक नव्हेत. सामना पांचव्या दिवशीं संपतो, दुकान दुसऱ्या दिवशीं पुन्हां उघडावें लागतें. आणि गिऱ्हाईक हा कांहीं प्रतिपक्ष नव्हे. तथापि तिजोरीची किल्ली, उधारीचें गणित आणि अडत्यांची ओळख हीं सर्व ज्या मालकाच्या एकट्याच्या कमरेला अडकविलेलीं असतात, त्यानें आपल्या पेढींतील वाडकर कोण, हें आजच पाहून ठेवावें, आणि एखादा लहानसा सौदा त्याच्या हातीं सोपवून स्वतः कांहीं वेळ बाजूस बसावें.