चिठ्ठी वाचूनही गप्प

‘हॅम्लेट’ म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या रसिकांना आगरकरांचं ‘विकारविलसित’ आठवतं, गणपतराव जोशी आठवतात. पण त्यातले रोझेनक्रँट्झ आणि गिल्डनस्टर्न कुणाच्या लक्षात आहेत? हॅम्लेटचे हे बालमित्र. राजा त्यांना हॅम्लेटवर पाळत ठेवायला बोलावतो आणि शेवटी त्यांच्या मरणाची बातमी एका वाक्यात उरकली जाते.

टॉम स्टॉपार्ड यांनी नेमके हेच दोघे उचलले आणि त्यांच्यावर अख्खं विनोदी नाटक लिहिलं, ‘रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’. १९६६ साली एडिंबरोला विद्यार्थ्यांनी ते केलं. पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरनं घेतलं, तेव्हा लेखक होता २९ वर्षांचा.

सुरुवातीला दोघं नाणं उडवताहेत. छापा, छापा, पुन्हा छापा. नव्वदाहून जास्त वेळा छापाच! जिंकणाऱ्याला त्याचं काही नाही. हरणाऱ्याला मात्र घाम फुटलाय. मधूनच मूळ नाटक त्यांच्यावर येऊन आदळतं. राजा-राणी शेक्सपिअरच्या भाषेत बोलून निघून जातात, की हे पुन्हा एकटे. आपल्यातला रोझेनक्रँट्झ कोण, हेही त्यांना धड सांगता येत नाही.

मग येतं जहाज. हॅम्लेटला इंग्लंडला पोचवायचं, सोबत राजाची चिठ्ठी. ती हे दोघे फोडतात. आत हुकूम असतो, हॅम्लेटला ठार करा. यांना हे ठाऊक होतं की नाही, ते शेक्सपिअरनं मोघम ठेवलंय. स्टॉपार्ड त्यांना ती वाचायला लावतात. आणि हे काय करतात? आपण लहान माणसं, राजाच्या कारभारात कशाला पडा, अशी स्वतःची समजूत घालून चिठ्ठी पुन्हा बंद करतात! पुढे तिच्या जागी दुसरी चिठ्ठी निघते, तीत नावं असतात यांचीच.

पुष्कळजण या दोघांना निरागस बळी म्हणतात. मला ते पटत नाही. त्या चिठ्ठीपाशी माझं हसू थांबतं.

स्टॉपार्ड यांचा स्वतःचा जन्म चेकोस्लोव्हाकियातल्या ज्यू घरातला, १९३७चा. नाझींच्या भीतीनं कुटुंब सिंगापूरला पळालं. तिथून आई मुलांना घेऊन हिंदुस्थानात आली. टॉम दार्जिलिंगच्या शाळेत शिकला. मागे राहिलेले आजी-आजोबा, दोन्हीकडचे, नाझी राजवटीत बळी गेले. हुकूम वरून आलेला आणि तो पोचवणारी माणसं साधीसुधी, असाच तो काळ होता. स्टॉपार्डना घरातली ही हकीकत कळली ती पन्नाशी उलटल्यावर. नाटक लिहिलं तेव्हा त्यांना ती ठाऊक नव्हती.