चार ओळींचं मरण

(लोणावळ्यात तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो असा : एका नामवंत पत्रकाराच्या मरणाला पेपरवाल्यांनी आणि टीव्हीवाल्यांनी दिलेली अतोनात प्रसिद्धी. विषय देणाऱ्या साथीनं वर तंबी दिली, ‘दादा, जपून बोला. माणूस मेलाय, त्याचा खून झालाय.’ बरोबर आहे. म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकतो. ज्योतिर्मय डे यांचा खून हा खूनच होता. ११ जून २०११ ला भर दिवसा पवईत मोटरसायकलवरून आलेल्या भाडोत्री मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. ‘मिड-डे’चा हा माणूस गुन्हेगारी जगाच्या बातम्या खणून काढत होता, तेलमाफियावर लिहीत होता. त्याच्या मरणावर थुंकायला आपण इथं जमलेलो नाही. ज्याला तसं वाटत असेल त्यानं खुशाल खाली जाऊन चिक्की घ्यावी.

माझा प्रश्न डे यांना नाही. माझा प्रश्न ज्या तागडीत त्यांचं मरण तोललं गेलं त्या तागडीला आहे. कारण तीच तागडी आपल्याही मरणाला लावतात, आणि तेव्हा काटा हलत नाही.

त्या जूनमध्ये काय झालं ते आठवा. दिवसेंदिवस पहिलं पान. चॅनेलवर रात्रंदिवस तेच चित्र, तीच पवईची सडक. पत्रकारांनी मंत्रालयावर मोर्चा नेला, सीबीआयची चौकशी मागितली. मुख्यमंत्र्याला भेटायला लागलं, गृहमंत्र्याला उत्तर द्यायला लागलं. मी म्हणतो, शाब्बास! आपला माणूस मेला तर असंच पेटून उठलं पाहिजे. सत्ता अशीच हलते हे पत्रकारांनी आपल्याला दाखवून दिलं. पण मग विचारावंसं वाटतं, की बाबांनो, सत्ता कशी हलवायची हे तुम्हाला एवढं चांगलं ठाऊक आहे, तर एरवी हात का बांधून बसता?

आता दुसरी गोष्ट बघा. एवढ्या प्रसिद्धीनं डे यांचं तरी भलं झालं का? रोज नवी आवई. आज तेलमाफिया, उद्या पोलिसातलाच कुणी, परवा आणखी तिसरंच. ज्याला जे सुचलं ते ‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणून छापलं. आणि २५ नोव्हेंबर २०११ ला जिग्ना वोरा या पत्रकार बाईला मोक्काखाली अटक झाली, तेव्हा ह्याच धंद्यातल्या लोकांनी आपल्याच बाईच्या चारित्र्याची लक्तरं वेशीवर टांगली. कोर्टाच्या आधी निकाल लावला. मुलाला घरी ठेवून ती बाई महिनोन् महिने भायखळ्याच्या तुरुंगात. २ मे २०१८ ला विशेष न्यायालयानं छोटा राजन आणि आणखी आठ जणांना जन्मठेप दिली आणि जिग्ना वोरांना निर्दोष सोडलं. ज्यांनी तिला सात वर्षं सोललं त्यांनी तेवढ्याच मोठ्या टायपात माफी मागितल्याचं मला तरी दिसलं नाही.

म्हणजे अति छापलं की न्याय होतो असंही नाही. ज्याच्या नावानं गळा काढला त्याला बाजूला सारून यांनी मरणाचा तमाशा मांडला. तमाशाला रोज नवं पात्र लागतं. बाई मिळाली, तिला नाचवली.

आता तिसरी गोष्ट, आणि ती ह्या मातीतली.

डे यांच्या खुनाला दोन महिने होताहेत न होताहेत तोच ९ ऑगस्ट २०११ उजाडला. क्रांतिदिन. पवना धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं होतं, त्याला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. बऊरजवळ लोक एक्स्प्रेस हायवेवर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे. तीन माणसं गेली.

हे कुणी छापलं नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. छापलं, दाखवलंसुद्धा. पोलीस उभ्या गाड्या फोडताहेत, हे लोकांनी कॅमेऱ्यामुळंच पाहिलं. विधिमंडळापासून संसदेपर्यंत गोंधळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा आयोग बसला, पाइपलाइनचं काम थांबलं. बातमीत ताकद असते ती अशी. पण ती टिकली किती? १६ ऑगस्टला दिल्लीत अण्णा हजारे यांना अटक झाली आणि सगळे कॅमेरे रामलीला मैदानाकडं धावले. मावळचे तीन मुडदे आठवड्याच्या आत शिळे झाले.

कुणी म्हणेल, मावळात मेलेले आपले नव्हते, ते तर गावकीतले शेतकरी. आपल्याला वेशीबाहेर ठेवणाऱ्या गावाचे. मित्रांनो, असं बोलणाऱ्याला मी विचारतो, पोलिसाची गोळी सातबारा बघून सुटते का? त्या आंदोलनात रिपब्लिकन झेंडाही होता. गावकीशी आपलं भांडण आहे आणि राहील. पण ज्या दिवशी आपण मुडद्याची जात बघून गप्प बसू त्या दिवशी आपल्यात आणि त्या पेपरवाल्यात फरक काय राहिला?

मावळची बातमी केव्हा होते? इथं राहणारे तुम्ही जाणता. एक्स्प्रेस हायवेवर गाड्या तुंबल्या की होते. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाणी आलं की फोटो येतो. मुंबई-पुण्याचा माणूस भिजला, अडकला, बुडाला की मावळ पहिल्या पानावर. टाटांनी इथं वळवणला, शिरोट्याला धरणं बांधली आणि १९१५ पासून खोपोलीला वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवल्या. मावळचं पाणी तेव्हापासून शहराच्या कामाचं. मावळचा माणूस मात्र शहराच्या कामाचा नाही. तो ‘पुणे ग्रामीण’ नावाच्या पानावर मरतो. ते पान खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईला जात नाही. मुंबईच्या आवृत्तीत त्या जागी साडीचा सेल असतो.

आणि ही नुसती मावळची गोष्ट नाही. २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. भोतमांगे कुटुंबातले चौघं गावानं मिळून मारले. मोठ्या पेपरांना त्याची खरी बातमी व्हायला महिना उलटून गेला. आधी काय छापलं? अनैतिक संबंधातून हत्याकांड! मेलेल्या बाईला आणखी एकदा मारलं. पुढं नागपूर-अमरावतीची पोरं रस्त्यावर आली तेव्हा कुठं ह्यांना खैरलांजी नकाशावर सापडली. मग नोव्हेंबरअखेर कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरला डेक्कन क्वीनचे डबे जळले. तीच डेक्कन क्वीन, जी रोज आपल्या लोणावळ्यावरून जाते. प्रवाशांना आधी खाली उतरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशीचे पेपर बघायचे होते! देशभर पहिलं पान. जळक्या डब्यांना जे पान लगोलग मिळालं ते चार मारलेल्या माणसांना महिनाभर मिळालं नव्हतं. डबे जाळणं बरं की वाईट यावर रात्री जेवताना भांडू. पण लोखंड महाग आणि माणूस स्वस्त हे गणित आपण मांडलेलं नाही.

बरं, सगळ्याच पत्रकारांचं मरण महाग असतं म्हणता? तेही नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरला शशिकांत वारिशे यांना जमीनदलालाच्या गाडीनं चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसूच्या रिफायनरीच्या जमिनींवर ते लिहीत होते, आणि ज्याच्यावर लिहिलं त्याचीच गाडी. कोकणातल्या छोट्या पेपरचा माणूस. त्याच्यासाठीही पत्रकार ओरडले, नाही असं नाही. पण पवईइतकं आभाळ राजापूरला फाटलं नाही. म्हणजे धंद्याच्या आतही वेस आहे. मुंबईचा इंग्रजी पत्रकार वेशीच्या आत, तालुक्याचा बातमीदार वेशीबाहेर.

ह्या तालुक्याच्या बातमीदाराला जरा जवळून बघा. त्याला धड पगार नसतो. बातमीमागं चिल्लर मिळते. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली. ज्याच्याकडून दिवाळी अंकाची जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध तो कसा लिहील? मरणाची जागाही सेंटिमीटरवर विकली जाते मित्रांनो. पैसे मोजणाऱ्याचा बाप ‘अनंतात विलीन’ होतो. आपला बाप नुसता ‘मृत’.

आता जे सांगतो ते माझ्या वस्तीतलं आहे.

आमच्या आळीतला एक माणूस इथल्याच एका बंगल्यात मैल्याची टाकी साफ करायला उतरला आणि वर आला नाही. शनिवार-रविवारी उघडणारा बंगला. पाहुणे यायचे होते म्हणून घाई. तोंडाला रुमाल, कमरेला दोर, बस्स. बातमीदार आला. पोरगा वाईट नव्हता. पण त्यानं पहिला प्रश्न काय विचारला? ‘बंगला कुणाचाय?’ मालक नट असता, मंत्री असता तर आमच्या माणसाचं नशीब उघडलं असतं! मालक कुणी साधा व्यापारी निघाला. बातमीची किंमत तिथंच पडली. दुसऱ्या दिवशी चार ओळी. ‘पाय घसरून टाकीत पडल्याने कामगाराचा मृत्यू.’ आणि नाव चुकीचं. आडनाव दुसऱ्याचंच.

‘पाय घसरून’. हे दोन शब्द ध्यानात ठेवा. २०१३ चा कायदा आहे, की माणसाला असं गटारात, टाकीत उतरवायचं नाही. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, असा माणूस मेला तर घरच्यांना १० लाख द्या. २०२३ मध्ये ते ३० लाख केले. गोवंडीला खासगी इमारतीच्या टाकीत मेलेल्या तिघांच्या विधवांना १० लाख द्या, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ ला सरकारला बजावलं. म्हणजे ‘खासगी जागा, आमचा काय संबंध’ ही पळवाटही बंद. पण तो पाय घसरून पडला असेल तर? मग तो अपघात. मग कायदा नाही, गुन्हा नाही, पैसा नाही. जे पेपरात आलं तेच पंचनाम्यात होतं, कारण बातमीदारानं पंचनामाच उतरवला होता. चार ओळींनी एका बाईचं आयुष्य बुडवलं.

तिचं नाव मी घेत नाही. तिनंच नको म्हटलंय. तिचा पोरगा अजून त्याच बंगल्यांच्या ओळीत कामाला जातो.

तिनं ते कात्रण पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. मी म्हटलं, ‘वैनी, ह्यात तर नावबी त्यांचं न्हाय.’ ती म्हणाली, ‘नाव दुसऱ्याचं असंल भावजी. पन बातमी माज्या मानसाची हाय.’

मी गप्प बसलो. दहा व्याख्यानं देणारा माणूस मी, मला उत्तर सुचलं नाही.

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखलं होतं. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’नं त्याची पैसे देऊन जाहिरातसुद्धा छापली नाही. १८ जानेवारी १९४३ ला पुणे शहरात रानड्यांच्या जयंतीला बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं, की पत्रकारिता हा आता व्यापार झालाय, आणि विभूतिपूजा हा त्याचा मोठा माल आहे. मोठ्या माणसांचे ढोल बडवणाऱ्या पेपरांना त्यांनी तेव्हाच उघडं पाडलं. आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. ‘मूकनायक’ बंद पडला तर ‘बहिष्कृत भारत’, मग ‘जनता’, मग ‘प्रबुद्ध भारत’. दुसऱ्याच्या पेपरात आपल्याला जागा का नाही म्हणून ते रडत बसले नाहीत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ‘आमचंही मरण पहिल्या पानावर छापा’ अशी भीक मला मागायची नाही. तो तमाशा जिग्ना वोराला विचारा. मला हवंय ते एवढंच, की बातमी खरी असावी आणि नाव बरोबर असावं. ते काम तुमचं. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे, जो १९७२ च्या पोरांकडं नव्हता. त्यांच्याकडं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, तेही उसनं.

कुठं माणूस मेल्याचं कळलं की पेपरवाल्याच्या आधी तिथं पोचा. घरच्यांना विचारून नाव लिहा, वय लिहा. त्याला कुणी बोलावलं, कुणी उतरवलं, अंगावर काय होतं, किती वाजले होते, लिहा. टाकीचा, दोराचा फोटो काढा. पंचनामा होताना उभे राहा, आणि ‘पाय घसरून’ लिहायला लागले तर तिथंच हात धरा. एफआयआरची प्रत घ्या. तालुक्याच्या बातमीदाराला शिव्या घालू नका, त्याच्या हातात लिहिलेला कागद द्या. तो छापील तर ठीक. नाही छापला तर आपल्या ह्या चोपड्यात छापू. पाचशे प्रती निघतील, पण कोर्टात दाखवायला एक पुरते.

उद्या सकाळी शिबिर संपलं की आपल्यातले चारजण माझ्याबरोबर त्या वहिनीकडं येतील. कोण कोण येणार ते रात्री ठरवा. वही घेऊन या. पहिलं काम, तिच्या माणसाचं नाव नीट लिहून घ्यायचं. ते कधी छापायचं, छापायचं का नाही, हे ती सांगेल.

जयभीम.