जुनें भिंग घेतांना



मुरबाड तालुक्यांतील म्हसा गांवची जत्रा गुरांच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. आमच्या कर्जत-खालापूर भागांतील शेतकरीहि तेथें बैल घ्यावयास जातात. बैल घेणारा मनुष्य विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलत नाहीं. तो बैलाचे दांत मोजतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून घेतो आणि मगच कमरेचा कसा सोडतो. त्याच घरांतला शिकलेला नातू कॅमेऱ्यासाठीं जुनें भिंग घ्यावयास बसला म्हणजे मात्र फोनवर चार चित्रें पाहतो, खालीं लिहिलेलें नांव वाचतो, आणि पैसे पाठवून मोकळा होतो. असें कां व्हावें? भिंगालाहि दांत आहेत, खूर आहेत. ते कसे पाहावे, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

आमचा मुलूख आतां केवळ भातशेतीचा व माथेरानच्या प्रवाशांचा राहिलेला नाहीं. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनीं २००५ सालीं कर्जतजवळ एन्. डी. स्टुडिओ उभारला आणि ‘जोधा अकबर’सारख्या चित्रपटाचे देखावे तेथें उभे राहिले. चित्रीकरणाच्या कामावर मदतनीस म्हणून जाणारे तरुण गांवांत दिसूं लागले. माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा त्यांतलाच एक. आपण स्वतः एक लघुपट काढावा, आणि तो सिनेमास्कोप चित्रपटासारखा दिसावा, अशी त्याची फार दिवसांची हौस. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा १९५९ सालचा ‘कागज़ के फूल’. अशा चित्रपटास लागणारें ॲनामॉर्फिक भिंग समोरचें दृश्य दोन्ही बाजूंनीं आवळून, पुष्कळदां निम्म्या रुंदीचें करून, फिल्मवर उतरवितें. पडद्यावर तें पुन्हां उलगडतें. या भिंगाच्या दोन खुणा लोकांच्या डोळ्यांत भरतात. दूरचे अस्पष्ट दिवे उभे लंबगोल दिसतात, आणि प्रखर दिव्यांतून प्रकाशाची एक आडवी रेघ निघते.

ऑनलाइन बाजारांत एका विक्रेत्यानें असें भिंग मांडलें होतें. चित्रांत लंबगोल दिवे होते, रेघ होती, आणि किंमत नेहमींच्या मानानें फारच थोडी होती. मुलानें आठ महिन्यांची शिल्लक पाठवून दिली.

पार्सल आलें तेव्हां तो तें घेऊन माझ्याकडे आला. आम्ही स्वयंपाकघरांतलें एक वाटोळें ताट भिंतीला टेकवून ठेवलें आणि त्याचें चित्र घेतलें. कॅमेऱ्यांत चित्र आपोआप उलगडण्याची जी सोय असते, ती आधीं बंद केली होती. खऱ्या ॲनामॉर्फिक भिंगांतून ताट उभें व चिंचोळें दिसावयास हवें होतें. तें वाटोळेंच दिसलें! मग विजेरी घेऊन आंत पाहिलें. भिंग होतें हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ मिलिमीटरचें सोविएत बनावटीचें साधें भिंग. त्याच्या छिद्राच्या जागीं लंबगोल भोंक पाडलेली काळी चकती बसविली होती आणि कांचेसमोर नायलॉनचा बारीक तंतु ताणला होता. चकतीमुळें दिवे लंबगोल होत होते, तंतूमुळें रेघ उमटत होती. दृश्य मात्र तसूभरहि आवळलें जात नव्हतें. हेलिओस हें कांहीं वाईट भिंग नव्हे. जर्मन बायोटारच्या धर्तीवर तें लाखोंनीं तयार झालें आणि आजहि थोड्या पैशांत मिळतें. मुलानें मोल दिलें तें त्याच्या सोंगाचें.

सोंगाचे मुख्य प्रकार तीन. पहिला हा, गुणाचें सोंग. दुसरा प्रकार नांवाचें सोंग घेण्याचा, आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. लुडविग बर्टेले यांनीं झाइस कंपनीसाठीं सोनार नांवाचीं भिंगें आंखलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर येना येथील झाइसच्या कारखान्यांतील यंत्रसामुग्री व माणसें सोविएत संघांत नेण्यांत आलीं, आणि त्याच सोनारच्या आराखड्यावर ज्युपिटर नांवाचीं भिंगें निघूं लागलीं. लायका कॅमेऱ्याच्या आट्यांत बसणारीं खरीं सोनार भिंगें फार थोडीं निघालीं. म्हणून संग्राहक त्यांना वाटेल तें मोल देतात. तेव्हां ज्युपिटरची पुढची नांवाची कडी काढावी, घासावी, तिच्यावर ‘कार्ल झाइस येना’ कोरावें, हा धंदा सुरू झाला. लायकाच्या एल्मारचेंहि तेंच. खार्कोव्ह येथें १९३४ पासून लायकाची नक्कल करून फेड कॅमेरे निघत. ते आणि त्यांच्या पाठोपाठचे झोर्की कॅमेरे पुढें नवीं नांवें कोरून लायका म्हणून विकले गेले, आणि त्यांच्यावरील भिंगें एल्मार म्हणून.

नांव खोटें कोरतां येतें. आंतली रचना बदलणें तितकें सोपें नाहीं. एल्मारमध्यें छिद्राचीं पातीं पहिल्या कांचेच्या लगेच मागें असतात; इंडस्टार-२२ या सोविएत भिंगांत तीं दुसऱ्या व तिसऱ्या कांचेच्या मध्यें असतात. एवढें एक लक्षांत ठेवलें तरी पुष्कळ फसवणूक टळेल. सोनार व ज्युपिटर यांची रचना मात्र एकच असल्यामुळें तेथें ही कसोटी चालत नाहीं. तेथें क्रमांक पाहावा. पुष्कळ सोविएत भिंगांवर क्रमांकाचे पहिले दोन आंकडे निर्मितीचें वर्ष सांगतात. युद्धापूर्वीचें म्हणून दाखविलेल्या ‘सोनार’चा क्रमांक ५६ नें सुरू होत असेल, तर शंका घेण्यास जागा आहे. अक्षरांच्या कडा ताज्या दिसतात काय, त्यांतील रंग बाकीच्या भागाहून नवा दिसतो काय, हेंहि पाहावें.

तिसरा प्रकार झांकलेल्या दुरुस्तीचा, आणि आमच्या भागांतील लोकांनीं याचीच अधिक काळजी घ्यावी. सह्याद्रीच्या पायथ्याशीं पावसाळ्यांत दारें फुगतात, पापड सादळतात. मग भिंगाला बुरशी लागली तर नवल कसलें? ही बुरशी कांचेवरील लेप खाते. कांहीं कारागीर ती काढण्यासाठीं कांच घासतात व तिजबरोबर लेपहि जातो. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. दिव्याखालीं भिंग तिरपें धरलें म्हणजे आंत दिव्याचीं अनेक प्रतिबिंबें दिसतात. तीं निळसर, जांभळट किंवा पिवळसर असावयाचीं. बाकीचीं रंगीत असून एकच लख्ख पांढरें असेल, तर त्या पृष्ठावरचा लेप गेला असें समजावें. फार जुन्या भिंगांना मुळांतच लेप नसतो. त्यांचीं सगळींच प्रतिबिंबें पांढरीं दिसतात.

पुढची कांच उलटी बसवून ‘विशेष परिणामाचें भिंग’ म्हणून विकणारेहि आहेत. त्याची कसोटी विटांची भिंत: मध्यभाग स्पष्ट आणि कडेच्या विटा भोंवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसल्या कीं ओळखावें.

बैठक बदललेलीं भिंगें हा याच प्रकारांतला शेवटचा भाग. भिंगाची बैठक व फिल्म यांमधील अंतर प्रत्येक कॅमेऱ्यांत ठरलेलें असतें: नायकॉन एफ् चें ४६·५ मिलिमीटर, कॅनन ईएफ् चें ४४, लायका एम् चें २७·८. जास्त अंतराचें भिंग कमी अंतराच्या कॅमेऱ्यावर मधें कडी घालून सुखानें बसतें. उलट करावयाचें तर धातु कापावा लागतो, आणि तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यानें चुकला तरी दूरचा डोंगर स्पष्ट येत नाहीं. म्हणून विक्रेत्याकडे फुलापानांचें चित्र मागूं नये, डोंगराचें मागावें. आमच्याकडे तर ही सोय देवानेंच करून ठेविली आहे. चौकच्या बाजूनें इर्शाळगडाच्या सुळक्याचें चित्र छिद्र पूर्ण उघडें ठेवून घेतलें, कीं भिंगाची बैठक बिघडली आहे कीं नाहीं हें तेव्हांच कळतें.

परंतु वस्तु हातांत येण्यापूर्वींच पैसे जातात, तेव्हां परीक्षा कशी घ्यावी? विक्रेत्याकडूनच ती करवून घ्यावी. व्हिडिओ कॉलवर भिंग समोर धरावयास सांगावें, क्रमांक वाचून घ्यावा, मागून विजेरी लावून पुढून पाहावें, छिद्राचीं पातीं उघडझांक करावयास लावावीं, आणि स्क्रूंच्या खांचा जवळून पाहाव्या. खांचा झिजलेल्या असल्या तर कोणीतरी आंत हात घातला आहे हें निश्चित. ताट, विटांची भिंत व दूरचा डोंगर हीं तीन चित्रें कोणताहि संस्कार न करतां मागवावीं. पटलें नाहीं तर परत घेण्याचें वचन लेखी घ्यावें. प्रामाणिक विक्रेत्याला याचा राग येत नाहीं. ज्याला येतो, त्याच्याशीं व्यवहार न करणें हेंच शहाणपण.

बोरघाट चढून गेलें कीं लोणावळें लागतें. तेथें रविवर्मा छापखान्यासाठीं फोटोलिथोचें काम करणारे दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनला गेले, जाणत्यांना भेटले, चित्रपट कसा तयार होतो हें डोळ्यांनीं पाहिलें, आणि मग विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदविली. कॅमेरा आल्यावर लगेच मोठ्या चित्रपटास हात घातला नाहीं. आधीं वाटाण्याचें रोप उगवतांना टिपलें. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल मिळालें, आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या माणसाची ही सावधगिरी आजच्या तरुणांनीं डोळ्यांपुढें ठेवावी.

भिंगांत फेरबदल करणें हाच दोष, असें मात्र कोणीं समजूं नये. जुन्या छायाचित्रणाचीं उत्तम भिंगें नव्या आवरणांत बसवून सिनेमाच्या कामाचीं करणारे कुशल कारागीर आहेत. ते काय केलें तें उघड सांगतात आणि त्याचें योग्य मोल घेतात. दोष लपविण्यांत आहे.

शेजाऱ्यांच्या मुलाला विक्रेत्यानें पुढें उत्तरच दिलें नाहीं. मित्रांनीं सल्ला दिला, कीं तेंच वर्णन पुन्हां लिहून भिंग दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत घाल. दोन दिवस तो त्या विचारांत होता. आठ महिन्यांची कमाई ही लहान गोष्ट नव्हे. शेवटीं त्यानें जाहिरातींत लिहिलें: “हेलिओस ४४-२. आंत लंबगोल चकती, समोर तंतु. ॲनामॉर्फिक नव्हे.” जोडीला ताटाचें चित्र लावलें. पैसे चौथाईहि आले नाहींत. पण घेणाऱ्यानें तें भिंग काय आहे हें जाणून घेतलें, आणि हवें म्हणून घेतलें.